पाय बघणाऱ्या मॅडम

मला नोकरीवर घेण्याआधी मॅडमनी माझे पाय बघितले होते.

परभणीच्या आमच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स विभागाला तासिका तत्त्वावर शिकवणारं कुणीतरी हवं होतं. मी नुकतीच एम.एस्सी. झालेली. आईची चांगली साडी नेसून पाथरीहून सकाळच्या एसटीनं आले. खोलीत प्राचार्य होते, बाहेरून आलेले एक प्राध्यापक होते, आणि टेबलाच्या टोकाला खुर्चीवर चक्क मांडी घालून एक बाई बसल्या होत्या. करडे केस कानापर्यंत कापलेले, इस्त्री न केलेली सुती साडी, आणि गळ्यात दोरीला लटकवलेलं भिंग, सोनाराच्या दुकानात असतं तसं. प्राचार्यांनी डायोडविषयी विचारलं, पाहुण्यांनी ट्रान्झिस्टरविषयी. मी धडाधड उत्तरं दिली. मग बाईंची पाळी आली.

"चप्पल काढ," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी ऐकण्यात काहीतरी चुकले.

"चप्पल, चप्पल. काढ आणि तळवा दाखव."

प्राचार्य खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना सवय असावी. मी साडी सावरत पाय वर केला. बाई खुर्चीवरून उतरून खाली बसल्या, भिंग डोळ्याला लावलं आणि माझी भेगाळलेली टाच एखादा नकाशा वाचावा तशी वाचली. "बसमध्ये उभ्यानं प्रवास करतेस. डाव्या पायावर भार देतेस," म्हणाल्या, आणि वर न बघताच प्राचार्यांना सांगितलं, "घ्या हिला. उभं राहायची सवय आहे."

संध्याकाळी घरी हे सांगितलं तर बाबा दुकानातला कापडाचा तागा तसाच हातात धरून हसत सुटले. "पाय बघून सून आणतात हे ऐकलं होतं. मास्तरीण कधीपासून आणायलेत?"

मॅडमना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. हे मी थट्टेनं सांगत नाही. शेजारच्या विभागातले सर रोज समोरून जायचे, पण दर वेळी मॅडम त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघायच्या; मग नजर खाली गेली की चेहरा खुलायचा. "अरे, तुम्ही होय!" प्रयोगशाळेबाहेर मुलांच्या चपला काढलेल्या असायच्या. त्यांच्यावरून एक नजर फिरवून त्या आत येऊन सांगायच्या, आज कोण आलं नाही. एकदा एका मुलानं मित्राची चप्पल बाहेर ठेवून त्याची हजेरी लावायचा डाव टाकला. मॅडम म्हणाल्या, "चप्पल आलीय, पण तिच्यात पाय आलेला नाही." टाच कुठं झिजते आणि आज कशी पडलीय, यावरून त्यांना ते कळलं होतं. तो मित्र पुढं कधी गैरहजर राहिला नाही.

या सवयीचं मूळ त्यांनी मला एका पावसाळी दुपारी सांगितलं. वीज गेली होती आणि आम्ही दोघी अंधाऱ्या प्रयोगशाळेत शेंगदाणे खात बसलो होतो. त्या मूळच्या परभणीच्याच. शिकून बंगळूरला गेल्या आणि अंगाला लावायचे सेन्सर बनवणाऱ्या एका ठिकाणी कितीतरी वर्षं राहिल्या. सिलिकॉनच्या चकतीवर तांदळाच्या कणीहून लहान चिपा घडवायच्या, ताप ओळखणाऱ्या, दाब ओळखणाऱ्या. धुळीचा एक कण पडला तरी माल वाया. म्हणून तिथं सगळ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालायचा, तोंड झाकायचं, फक्त डोळे उघडे.

"मग माणूस ओळखायचा कसा? चालीवरून," त्या म्हणाल्या. "तेवढी वर्षं मी एकाचंही तोंड धड बघितलं नाही. डोक्यातली चेहऱ्यांची जागाच बंद पडली असेल."

"मग परत का आलात?"

त्या टरफलं गोळा करत राहिल्या. "चिप बनायची, डबीत बसायची, गाडीत चढायची आणि जायची. कुणाच्या अंगाला लागली, त्याला बरं वाटलं का, ते मला कधी दिसलंच नाही. मला ते बघायचं होतं."

पण पायच का, याचं उत्तर त्या माणूस बघून द्यायच्या. प्राचार्यांना सांगायच्या, "संशोधनाचा विषय आहे." मुलांना सांगायच्या, "चेहऱ्याला आरसा असतो. तळव्याला कोण आहे?" मला एकदा म्हणाल्या की त्यांच्या आत्याचा पाय शुगरनं गेला. पुढं कधीतरी मी आत्यांचा विषय काढला तर माझ्याकडं बघत राहिल्या. "आत्या? कोणती आत्या?" मग मी विचारणं सोडून दिलं.

त्यांचा पहिला तास बघायला इतर विभागांतली मुलंसुद्धा दाराशी उभी राहायची. अत्तराच्या जुन्या डबीतून त्या चिमट्यानं एक चिप काढायच्या आणि पहिल्या बाकावरच्या मुलीच्या बोटाच्या टोकावर ठेवायच्या. डबी उघडली की सगळ्या वर्गात हिना अत्तराचा वास. "हिच्यात काय आहे ते नंतर सांगते. आधी कुणी शिंकायचं नाही." एका वर्षी नेमकी ती मुलगीच शिंकली. चिप उडाली. सगळा वर्ग जमिनीवर ओणवा झाला. मला ब्रह्मांड आठवलं, कारण तसली चिप आमच्या विभागाला परत कधी मिळाली असती देव जाणे. मॅडम मात्र खूश. "तळवे बघा! आपापले तळवे बघा!" आणि चिप खरोखरच मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या पायाच्या अंगठ्याखाली चिकटलेली सापडली. मॅडमनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "तुला टोचलं का?" ती नाही म्हणाली. "बघा. तळव्याखाली काय आहे हे धडधाकट माणसाला कळत नाही. ज्याच्या पायाची संवेदनाच गेलीय त्याचं काय होत असेल?"

तिथून त्या मूळ मुद्द्यावर यायच्या. डायोड गरम झाला की त्यातून जाणाऱ्या विजेचा हिशोब थोडा बदलतो. पुस्तकात याला दोष म्हटलेलं असतं आणि तो कसा टाळायचा हे शिकवलेलं असतं. मॅडम फळ्यावर 'दोष' असं मोठ्या अक्षरात लिहून त्याच्याभोवती गोल करायच्या. "हा दोष नाही. हा बोलतोय. गरम व्हायलंय म्हणून सांगतोय. ज्याला आपण खोड म्हणतो ना, ती बरेचदा त्याची बोली असते." एरवी त्या पुस्तकी मराठी बोलायच्या, पण रंगात आल्या की परभणी उसळून यायची.

त्यांना करायचं होतं ते सांगायला सोपं होतं. ज्याची शुगर जुनी झालीय त्याचे पाय हळूहळू बधिर होतात. खडा रुतला, चप्पल चावली, काही कळत नाही. वरून कातडी शाबूत दिसते आणि आत जखम धरत जाते. पण आत बिघाड सुरू झाला की ती जागा आधी गरम होते. मग दोन्ही पायांची तीच जागा मोजायची. एक गार आणि एक गरम निघाला तर समजायचं, आत काहीतरी शिजायलंय. हे काम कणीएवढी चिप करू शकते, फक्त तिला पायाखाली टिकवता आलं पाहिजे.

टिकवता येत नव्हतं, हीच आमची रड होती. मॅडमनी आधी चपला केल्या. तळाच्या थरात चिपा, त्यांना केसासारख्या तारा. चार पावलं चाललं की तार तुटायची. विभागभर कापलेल्या चपला पडलेल्या असायच्या. एकदा भेटीला आलेले कुणी मोठे साहेब दारातूनच म्हणाले, "हे इलेक्ट्रॉनिक्स ना?" मॅडमनी त्यांच्या बुटांकडं बघून "उजवा पाय आत वळतो तुमचा," असं सांगून दार लावून घेतलं.

चपलांवर काम चालू असताना पाय बघायला त्या बाजार करायच्या. म्हणजे आठवडी बाजाराला जायच्या. ताडकळसच्या बाजारात चपलांच्या दुकानाशेजारी, लिंबाच्या सावलीत, सतरंजी टाकून आम्ही बसायचो. पाण्याचं घमेलं, टॉवेल, भिंग आणि नायलॉनचा बारीक धागा. धाग्याचं टोक तळव्याला टेकवायचं आणि विचारायचं, कळलं का? डोळे मिटून ज्याला कळत नाही, त्याला शुगर तपासायला पाठवायचं.

पहिल्या दिवशी एक म्हातारी कितीतरी वेळ उभी राहून बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "काय इकायलाव माय?"

"काही नाही. पाय बघते."

"मंग काय निघालं ह्यांच्या पायात? लगीन हाय का परदेस?"

"आजी, मी भविष्य सांगत नाही."

"हात बघणारे लय बघितले. पाय बघणारी पयलीच," म्हातारी म्हणाली आणि टेकून बसली. "बग मंग. म्हाताऱ्या पायांचं काय ऱ्हायलंय म्होरं, सांग."

मॅडमनी तिचे पाय धुतले, पुसले, धागा लावला. म्हातारीला सगळं कळत होतं, गुदगुल्यासुद्धा. "छान आहेत. खूप चालणारेत अजून," मॅडम म्हणाल्या. म्हातारीनं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "ऐकलं का, लय चालणार हाव म्हनं अजून!"

त्याच बाजारात आम्हाला काकू भेटल्या. हातात मेथीची जुडी, कपाळाला भस्माची रेघ. बाजूला उभ्या राहून त्यांनी सगळं बघून घेतलं आणि गर्दी ओसरल्यावर हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांचे पाय बघायला घरी येता का? मागच्या साली एक बोट काढलंय. आता काटा गेलेला बी कळत न्हाई त्यांला. डॉक्टरनं सांगितलंय, परत झालं तर पाय काढावा लागंल."

काकूंचे यजमान गावचे जंगम स्वामी. महादेवाला मानणाऱ्या घरांमधून लग्न, वास्तू, दीक्षा, सगळं त्यांच्या हातून व्हायचं. आम्ही गेलो तेव्हा ओसरीवर चार माणसं होती. स्वामी लोखंडी खुर्चीत बसले होते, पाय लाकडी पाटावर. एक जोडपं त्या पायांवर पाणी घालत होतं, भस्म लावत होतं, बेल वाहत होतं. काकूंनी आमचं येणं कशासाठी ते सांगितलं. स्वामी खळखळून हसले. अंगानं आडवे, आवाज मोठा.

"पाय बघायचेत? अवं माय, सकाळधरनं सारं गाव पायच बघायलंय की माझे."

मॅडम म्हणाल्या, "वरून बघतंय. खालून कुणी बघितलेत?"

मला वाटलं, आता आम्हाला बाहेरची वाट दाखवणार. स्वामींनी क्षणभर मॅडमकडं रोखून बघितलं, मग पाटावरचा उजवा पाय उचलून पुढं केला. तळव्याला जाड घट्टे होते. धागा कुठंही टेकवला तरी स्वामी डोळे मिटून वाट बघत राहायचे. "लाव की," ते म्हणायचे, आणि धागा तर केव्हाच लावलेला असायचा. दारात उभ्या काकूंनी पदर तोंडाला लावला.

चपलेला स्वामींनी साफ नकार दिला. "घरोघर उंबऱ्याच्या आत जावं लागतं मला. तिथं चप्पल? खामखा काय पन बोलू नका. पायात चप्पल असती तर लोकांनी पाणी कशावर घातलं असतं?"

परतीच्या बसमध्ये मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. पिंगळी गाव मागं पडल्यावर त्यांनी एकदम माझं मनगट धरलं. "पाट!"

"काय?"

"रोज सकाळी पाय कशावर असतात त्यांचे? चालत्या पायाच्या मागं कशाला लागलोय आपण? बसलेला पाय आहे की!"

स्वामींचा पाट त्यांच्या आजोबांच्या वेळचा. तो मागायची सोय नव्हती. मॅडमनी सुताराकडून तशाच मापाचा दुसरा करून घेतला. वर दोन पावलं कोरली, म्हणजे पाय रोज एकाच जागी पडावेत. खोबणीत चिपा बसवल्या. वर पातळ लेप. पाटाच्या पुढच्या कडेला दोन बारके दिवे, डाव्या पायाचा डावीकडं, उजव्याचा उजवीकडं. जो पाय जोडीदारापेक्षा गरम, त्याचा दिवा लागणार. तारा आता तुटणार नव्हत्या, कारण पाट कुठं चालत नाही.

पाट दिला त्याच्या दुसऱ्याच सकाळी काकूंचा फोन आला. घाबरलेल्या होत्या की आनंदलेल्या, कळेना. "दोन्ही दिवे लागलेत. लोक जमायलेत. लवकर या."

आम्ही पोचलो तर ओसरीसमोर ही गर्दी. स्वामींच्या पायातून उजेड निघाला अशी गावात हूल उठली होती. बाया पाटावर हळदकुंकू वाहत होत्या. स्वामी बिचारे अवघडून बसलेले, पाय खाली घ्यावा तरी पंचाईत. मॅडम गर्दीतून घुसल्या, पाट उपडा केला, त्यातून पाण्याची धार लागली.

"चमत्कार नाही हा!" त्या ओरडल्या. "गळती आहे, गळती!"

पूजेचं पाणी चिपांपर्यंत गेलं होतं. स्वामी इतके हसले की खुर्ची करकरली. पाट परत परभणीला आला. मॅडमनी तो पुन्हा लेपला, बादलीत बुडवून ठेवला, वाळवला, परत बुडवला. तेव्हापासून काकू पूजा झाल्यावर पाय कोरडे करायच्या, थोडा वेळ जाऊ द्यायच्या आणि मग बटण दाबायच्या. दिवा लागत नव्हता. कितीतरी दिवस लागला नाही. मॅडमना त्याचीही धास्ती. "सगळं ठीक आहे म्हणून लागत नाही, का बिघडलाय म्हणून लागत नाही?"

मग श्रावण आला. शेवटच्या सोमवारी गावात महादेवाची पालखी निघायची आणि तिच्यापुढं स्वामी अनवाणी चालायचे. त्यांच्या वडिलांपासूनचा तो मान. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी काकूंनी बटण दाबलं आणि उजवा दिवा लागला.

आम्ही दुपारी पोचलो. ओसरीवर स्वामी, काकू आणि पूजेला केळी घेऊन आलेले शेजारचे चाचा, एवढेच. चाचांचा केळीचा हातगाडा दारात उभा होता. मॅडमनी भिंग लावून उजवा तळवा बघितला. कातडी कुठं फुटलेली नाही, लाली नाही, सूज नाही. नेहमीचे घट्टे.

"दुखत न्हाई, खुपत न्हाई," स्वामी म्हणाले. "ह्यो पाट मागं बी एकदा खोटं बोललाय. पाणी गेलं आसंल."

मॅडमचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा बघितला. त्यांनी पाट हलवून बघितला, वास घेतला, कोरडा होता. मग थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "पाय अदलाबदल करून ठेवा. उजवा डाव्या पावलावर, डावा उजव्यावर."

स्वामींनी पायांची कैची केली. आम्ही सगळे पाटावर वाकलो. जरा वेळानं उजवा दिवा विझला. आणि डावा लागला.

दिवा पायाबरोबर गेला होता. पाट बिघडलेला नव्हता.

"पाय गरम आहे एवढं खरं," मॅडम सावकाश म्हणाल्या. "का गरम आहे ते पाटाला माहीत नाही. मलाही नाही. आत काही नसेलही. मी खात्री देऊ शकत नाही, स्वामी. पण मला विचाराल तर उद्या हा पाय जमिनीला लागू नये. उद्या सर्जन सुट्टीवर आहेत; परवा सकाळी दवाखान्यात दाखवू."

"खात्री न्हाई आन् म्हणता चालू नको?" स्वामींचा आवाज चढला. "उद्या न्हाई चाललो तर गाव काय म्हणंल? स्वामी एका दिव्याला भ्याला!"

मॅडम भिंग पदरानं पुसत राहिल्या. स्वामी घरी बसले आणि आत काहीच निघालं नाही, तर या गावात कुणी परत पाटावर पाय ठेवणार नव्हतं. आणि चालले तर काय होईल, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मग काकू पुढं आल्या. इतके दिवस मी त्यांना दारातच उभं बघितलं होतं. त्या खाली बसल्या, नवऱ्याचा उजवा पाय मांडीवर घेतला.

"बोटाच्या येळंला बी तुमी हेच म्हणलाव. दुखत न्हाई. बोट गेलं तवा तुमी रडला न्हाईत. मी रडले, चुलीम्होरं बसून." त्या स्वामींकडं बघत नव्हत्या, पायाकडंच बघत होत्या. "गावाला काय म्हणायचं ते म्हणू द्या. मला ह्यो पाय पायजे."

दारातल्या गाड्यावर माशा घोंघावत होत्या.

"मंग पालखीम्होरं काय रांगत जाऊ?" स्वामी शेवटी म्हणाले. त्या आवाजात राग उरला नव्हता.

चाचा खाकरले. "स्वामीजी, फिकीर कायको? अपना गाडा है ना. आज शाम को धो के रखता मैं. बैठो आराम से, मैं ढकेलता."

सोमवारी सकाळी केळीचा गाडा ओळखू येत नव्हता. झेंडूच्या माळा, बेलाचे डहाळे, वर धुतलेली सतरंजी. स्वामी तोंड फुगवून बसले होते, पाय पुढं पसरलेले. मागं पालखी, वाजंत्री. गाड्याला चाचांचे हात आणि चाचांना गावातल्या पोरांचे हात. आणि त्या दिवशी एक गोष्ट झाली जी कुणी ठरवली नव्हती. दर्शनाला लोक पुढं आले की त्यांच्यासमोर स्वामींचे तळवे यायचे. आयुष्यभर ज्या पायांवर डोकं ठेवलं, त्यांची खालची बाजू गाव पहिल्यांदा बघत होतं. घट्टे, भेगा, बोटाची रिकामी जागा. वाकलेली माणसं तशीच थबकायची. एका बाईनं हात जोडता जोडता हळूच बोटानं त्या रिकाम्या जागेला हात लावला आणि "लई चाललाव बाबा," म्हणाली. स्वामींनी तोंड वळवलं. पुढच्या चौकापर्यंत त्यांचा फुगवा कुठल्या कुठं गेला होता, आणि ते गाड्यावरूनच गावाला आशीर्वाद देत होते, नेहमीच्या दुप्पट आवाजात.

मंगळवारी आम्ही त्यांना परभणीला दवाखान्यात नेलं. सर्जननी मॅडमचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, तळवा दाबून बघितला आणि अंगठ्यामागचा घट्टा सोलायला घेतला. काकू आत होत्या. आम्ही दोघी बाहेर बाकावर. मॅडमनी जाणाऱ्या-येणाऱ्या एकाच्याही पायाकडं बघितलं नाही.

सर्जन हातमोजे काढत बाहेर आले. "घट्ट्याखाली पू धरायला लागला होता. साफ केलाय. हाडापर्यंत गेलं नव्हतं. काल चालले असते तर सांगता आलं नसतं. काही आठवडे पाय टेकवायचा नाही, मग बरा होईल."

ते गेले तरी मॅडम बसून होत्या.

"जखम खरंच होती ना?" त्यांनी मला विचारलं.

"होती, मॅडम."

"नक्की?"

"नक्की. त्यांनी आत्ताच सांगितलं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग एकदम दचकून माझ्याकडं वळल्या. "बरं झालं काय म्हणायलेय मी! माणसाला जखम होती आणि मला आनंद व्हायलाय?" आणि त्या तोंडावर पदर घेऊन रडायला लागल्या. रडता रडता हसत होत्या. मी काय करणार, त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. आतून स्वामींचा आवाज येत होता; ते नर्सला तिच्या पोरांची नावं विचारत होते.

दिवाळीत स्वामी आपल्या पायांनी पाच घरं हिंडून आले. तोवर ताडकळसहून, आजूबाजूच्या वस्त्यांतून माणसं कॉलेजच्या दारात यायला लागली होती. "पाटावर उभं करता का?" पहारेकऱ्यानं आधी नाचाचं काही असेल असं समजून त्यांना संगीत विभागाकडं पाठवलं, मग त्यालाही समजलं. मुलांनी आणखी पाट केले. दवाखान्यानं आठवड्यातून एक दिवस एक खोली दिली. आज तिथं मी बसते. सगळ्याच वेळी दिवा वेळेवर लागतो असं नाही; काही पाय आमच्याकडं फार उशिरा येतात. पण बरेचसे पाय जसे येतात तसे चालत घरी जातात.

मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला त्यांनी भाषण केलं नाही, अध्यक्षांना फुटलेल्या टाचेला व्हॅसलिन लावायला सांगितलं आणि निघून गेल्या. मग बरेच दिवस पत्ता नाही. मागच्या महिन्यात सकाळीच फोन. "राणीसावरगावला आहे. नवी चिप आलीय, आधीच्यापेक्षा लहान. बस पकड आणि ये."

गंगाखेडला गाडी बदलून मी पोचले. मॅडम आरोग्य केंद्राच्या खोलीत खाटेपाशी वाकलेल्या होत्या. खाटेवर एक तरुण आई, तिच्या कुशीत दिवसांआधी जन्मलेलं लेकरू, ओंजळीत मावेल एवढं. असली लेकरं गार पडतात आणि गार पडलेली लवकर कळत नाहीत. म्हणून मॅडमनी मऊ कापडाचा एक पट्टा केला होता, त्यात ती चिप. लेकरू गार पडायला लागलं की आईच्या उशाशी बारीक आवाज होणार, आणि आईनं त्याला उघड्या छातीशी धरायचं.

लेकराची आजी मात्र मॅडमना अडवून हात पसरून उभी होती. तिनं पट्टा हातात घेतला, उलटा केला, डोळ्याजवळ नेला, नखानं चिप चाचपली.

"एवढंसं?" ती म्हणाली. "ह्येनं काय व्हतंय, बाई?"

मॅडमनी लेकराकडं बघितलं. पायाकडं नाही, तोंडाकडं. ते जांभई द्यायच्या खटपटीत होतं आणि त्याला ती पुरती जमत नव्हती. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.

"आजी," त्या म्हणाल्या, "एवढ्याशाला एवढंसंच लागतं."

आजीनं एकदा पट्ट्याकडं बघितलं, एकदा नातीकडं. मग ती हसली, खाटेच्या बाजूला सरली आणि म्हणाली, "या. पर हात गरम करून घ्या आधी."